उरलेलं काम

नमस्कार श्रोतेहो.

फोटोबद्दल रेडिओवर बोलायचं म्हणजे जिलबीची चव फोनवरून सांगण्यासारखं आहे. पण त्यात एक सोयही आहे. मी काढलेले फोटो तुम्हाला दिसणार नाहीत, त्यामुळे मी म्हणेन ते तुम्हाला खरं मानावं लागेल.

मी काही धंदेवाईक फोटोग्राफर नाही. पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. चौतीस वर्षं कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे काढले आणि सुट्टीच्या दिवशी फोटो काढले. गावात हे माहीत असल्यामुळे महिन्यातून दोन-तीन तरी फोन येतात. "काका, कॅमेरा घ्यायचाय. कुठला घेऊ?" कुणाच्या मुलीला कासच्या फुलांचे फोटो काढायचे असतात, कुणाच्या जावयाला बोनस मिळालेला असतो. मी उलट विचारतो, "फोटो काढून झाल्यावर त्याचं काय करणार?" पलीकडं क्षणभर शांतता. मग उत्तर येतं, "काय करणार म्हणजे? टाकणार." टाकणार म्हणजे स्टेटसला. पूर्वी आम्हीही 'टाकायचो', पण रोल, आणि तो स्टुडिओत धुवायला.

या 'झाल्यावर काय'मध्ये कॅमेऱ्याच्या निवडीचं निम्मं उत्तर आहे, असं माझं मत आहे. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

1888 साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक नावाचा एक खोका बाजारात आणला. आत शंभर फोटोंचा रोल भरलेला. शंभर फोटो काढून झाले की अख्खा कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. तिथं रोल धुऊन, फोटो छापून, नवा रोल भरून कॅमेरा परत यायचा. त्यांची जाहिरातच अशी होती, की बटण तुम्ही दाबा, उरलेलं आम्ही करतो. त्याआधी हे 'उरलेलं' ज्याचं त्यालाच करावं लागे. आपल्या मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉक्टर नारायण दाजी तिच्यात होते. पेशानं वैद्य आणि हौस फोटोची. त्या काळी काचेवर ओलं रसायन पसरायचं, ते ओलं असतानाच कॅमेऱ्यात घालायचं आणि वाळण्याच्या आत अंधारात नेऊन धुवायचं, अशी पद्धत होती. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. बाहेर कुठं जायचं तर काळा तंबू आणि रसायनांच्या बाटल्या बरोबर न्यायच्या. त्यामुळं फोटो काढणारा वेगळा आणि धुणारा वेगळा, ही वाटणी तेव्हा परवडणारीच नव्हती.

ही वाटणी सोयीची झाली, हे मी नाकारत नाही. तिच्यामुळंच कॅमेरा माझ्यासारख्याच्या हातात आला. फक्त त्या सोयीत आपण निम्मं शिक्षण दुसऱ्याला देऊन टाकलं.

मला पहिला कॅमेरा मामानं दिला. 1970 साल, मी सातवीत होतो. आग्फा क्लिक थ्री. बडोद्याला बनायचा तो. माझ्या वयाच्या अनेकांच्या घरी कपाटाच्या वरच्या खणात तो अजून असेल. 120 नंबरचा रोल, त्यावर सहा सेंटिमीटर चौरस असे बारा फोटो. मागं छोटी लाल काच, तिच्यातून रोलच्या कागदावरचा आकडा दिसायचा. फोकस करायची भानगड नाही, खटक्याचा वेग, म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा ते, बदलायची सोय नाही. ऊन आहे की ढग, एवढं सांगायचं आणि खटका दाबायचा.

पहिल्या रोलमध्ये मी आजीचा फोटो काढला. तुळशीवृंदावनापुढं तिला पाटावर बसवली आणि चेहरा मोठा यावा म्हणून चार फुटांवर जाऊन खटका दाबला. आठ दिवसांनी स्टुडिओतून फोटो आले. मागचं वृंदावन स्वच्छ, त्यावरच्या रांगोळीचा ठिपका न् ठिपका मोजून घ्यावा. आणि पुढं आजीच्या जागी नऊवारीतलं धुकं. आजीनं फोटो हातात घेतला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला आणि म्हणाली, "वृंदावन छान आलंय हो."

स्टुडिओवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "हलला असेल." मी दोन वर्षं हात न हलवण्याचा सराव केला. पुढं कधीतरी कळलं, की हलला नव्हता, आउट गेला होता. त्या कॅमेऱ्याचं भिंग कायमचं एकाच जागी बसवलेलं. आठ-दहा फुटांच्या आत कुणी आलं की त्याचं धुकं होणार. हललेल्या फोटोत सगळंच फराटतं. आउट गेलेल्या फोटोत कुठली तरी एक गोष्ट स्वच्छ असते, आपल्याला हवी ती मात्र नसते. वृंदावन स्वच्छ होतं, म्हणजे हात स्थिर होता. एवढी साधी गोष्ट कळायला दोन वर्षं लागली, कारण 'उरलेलं' दुसरा कुणीतरी करत होता आणि मला फक्त निकाल कळत होता.

नोकरी लागल्यावर 1983 मध्ये मुंबईला खात्याच्या कामाला गेलो होतो, तेव्हा फोर्टमधल्या बोरा बाजारातून जुना झेनिट घेतला. रशियन माल. किलोभर वजन, गळ्यात अडकवून यवतेश्वर चढलं की मान उतरताना कुरकुरायची. वेग तीसपासून पाचशेपर्यंत, म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग ते पाचशेवा भाग. पुढं हेलिओसचं 58 मिलिमीटरचं भिंग. त्याला दोन कड्या असायच्या. एकीवर छिद्र, म्हणजे भिंगातून उजेड आत यायची वाट, किती ठेवायचं ते ठरवायचं, पूर्ण उघड्या भिंगातून फोकस करायचा, मग दुसरी कडी फिरवून छिद्र मिटायचं. तेव्हा समोरचं चित्र एकदम अंधारायचं, संध्याकाळ झाल्यासारखं. त्याच वेळी खोली वाढलेलीही दिसायची, म्हणजे पुढचं-मागचं जास्त स्वच्छ व्हायचं. छिद्र लहान केलं की काय होतं हे मला कुणी शिकवलं नाही. त्या दुसऱ्या कडीनं शिकवलं.

आणि त्याचं उजेड मोजायचं मीटर वर्षभरात मेलं. त्यावर सेलेनियमची पट्टी असते, तिला बॅटरी लागत नाही, पण वय झालं की ती आंधळी होते. मग करायचं काय? जुन्या लोकांचा एक ठोकताळा आहे: लख्ख उन्हात छिद्र 16 वर (आकडा मोठा, तितकं छिद्र लहान) आणि वेग फिल्मच्या नंबराच्या, म्हणजे ती उजेड किती चटकन पकडते त्या आकड्याच्या, जवळचा. फिल्म शंभरची असेल तर वेग एकशेपंचवीस. पातळ ढग आले की छिद्र 11, ढग दाटले की 8, आणि मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत, म्हणजे ओसरीत किंवा वडाखाली, 5.6. मीटर बंद पडलं म्हणून मी आभाळाकडं बघायला लागलो. आजही घराबाहेर पडताना माझ्या डोक्यात आकडा येतो. बायको म्हणते, "छत्री घेऊ का?" मी म्हणतो, "घे, साडेपाच झालंय." ती घड्याळ बघते.

आता धुण्याकडं वळतो. कागद-पेन्सिल घ्या, मी सावकाश सांगतो.

काळ्या-पांढऱ्या फिल्मचा डी-76 नावाचा डेव्हलपर आहे, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन. 1920च्या दशकातला, आणि आजही चालतो. लागणारं सामान चारच: मेटॉल दोन ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट शंभर ग्रॅम, हायड्रोक्विनोन पाच ग्रॅम आणि बोरॅक्स दोन ग्रॅम. बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार, सोनार वापरतात तो. साधारण 50 अंशांवर गरम केलेलं पाऊण लिटर पाणी घ्यायचं, त्यात सांगितलेल्या क्रमानं एकेक विरघळवायचं आणि मग थंड पाण्यानं एक लिटर भरायचं. क्रम महत्त्वाचा, कारण सल्फाइट सगळं आधी पडलं तर मेटॉल नीट विरघळत नाही. चिमूटभर सल्फाइट मात्र आधी टाकतात, मेटॉल हवेनं खराब होऊ नये म्हणून. मेटॉलनं काहींच्या हाताला पुरळ येतं, तेव्हा हातमोजे घाला. बाटल्या स्वयंपाकघरापासून लांब ठेवा आणि त्यांवर मोठ्या अक्षरात नाव लिहा.

हे शेवटचं मी अनुभवानं सांगतोय. माझ्याकडं काकवीच्या दोन सारख्या बाटल्या होत्या. एकीत डेव्हलपर, दुसरीत हायपो. चुलतभावाच्या मुंजीचा रोल. दिवे बंद, फिल्म धुवायच्या टाकीत फिल्म, आणि मी आधी हायपो ओतला. हायपोचं काम काय, तर ज्या चांदीच्या क्षारांवर डेव्हलपरनं चित्र उमटवलेलं नाही, ते विरघळवून टाकायचं. डेव्हलपर अजून गेलाच नव्हता, म्हणजे सगळेच क्षार न उमटलेले. हायपोनं इमानेइतबारे सगळे धुऊन नेले. छत्तीस फोटोंची पट्टी काचेसारखी स्वच्छ बाहेर आली. काकूनं पुढं कितीतरी वर्षं माझी ओळख 'मुंजीचे फोटो पिऊन टाकले तो' अशी करून दिली.

आमची डार्करूम म्हणजे न्हाणीघर, तेही रात्री जेवणं झाल्यावर. दाराच्या फटीला आईची गोधडी. फिल्म स्पूलवर, म्हणजे टाकीतल्या चक्रीवर, चढवायची ती मिट्ट काळोखात, नुसत्या बोटांनी. आधी एक वाया गेलेला रोल घेऊन उजेडात सराव करायचा, मग डोळे मिटून, मग खऱ्या काळोखात. पावसाळ्यात प्लास्टिकचं स्पूल जरा जरी दमट असलं तरी फिल्म अर्ध्यात अडकते, पुढं जात नाही, मागं येत नाही. अशा वेळी घाम फुटतो आणि घामानं ती आणखी चिकटते. स्पूल आदल्या दिवशी उन्हात वाळवून ठेवावं.

आणि तापमान. पुस्तकात सगळीकडं 20 अंश लिहिलेलं. पुस्तकं थंड देशातली. आमच्या साताऱ्यात एप्रिल महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. डेव्हलपर गरम असला की काम भराभर होतं, आणि पाच मिनिटांच्या आत उरकलं तर फिल्मवर डाग-पट्टे यायची भीती. मी सुरुवातीला डेव्हलपरमध्येच बर्फ टाकला. बर्फ वितळून डेव्हलपर पातळ झाला. मग पिशवीत बर्फ घालून ती बुडवली. मग एके दिवशी सरळ माठ आणला. कोरड्या हवेत माठातलं पाणी चोवीस-पंचवीस अंशांवर येतं. डेव्हलपरची बाटली त्यात तासभर ठेवायची, हायपोची आणि धुण्याच्या पाण्याचीही तिथंच, म्हणजे फिल्मला एकदम गरम-गार बसत नाही. वीस अंशांना दहा मिनिटं लागत असतील, तर चोवीसला साधारण सात. कोकणातल्या मित्राला ही युक्ती सांगितली, तर तो म्हणाला, "आमच्याकडं माठालाच घाम येतो." दमट हवेत पाणी झिरपून उडून जात नाही, त्यामुळं गारही होत नाही. त्यानं बर्फच वापरावा.

यातून मिळालं काय, ते सांगतो. ओली निगेटिव्ह, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं उमटलेली फिल्म, दोरीवर चिमट्याला लटकवून दिव्यापुढं बघायला लागलो, आणि माझ्या चुका वेगवेगळ्या दिसायला लागल्या. सावलीच्या भागात फिल्म कोरी, काहीच नाही? मग चूक कॅमेरा हातात असतानाची, उजेड कमी दिला. शर्टाचा, भिंतीचा पांढरा भाग काळाकुट्ट, दगडासारखा घट्ट झालाय? मग बहुधा चूक टाकीतली, जास्त वेळ धुतली. वर्तमानपत्रावर निगेटिव्ह ठेवायची. सर्वांत गडद भागातूनही खालची अक्षरं पुसट वाचता आली पाहिजेत. आणि फिल्मच्या कडेला जे आकडे असतात, ते कारखान्यातच उमटवलेले. तेच पुसट आले असतील, तर कॅमेऱ्याला बोल लावू नका. डेव्हलपर थकला आहे किंवा घाई झाली आहे. स्टुडिओवाल्याच्या 'हलला असेल'पेक्षा हे कितीतरी पुढचं होतं. मी खात्याच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर प्रत्येक फोटोचं छिद्र, वेग आणि आभाळ लिहून ठेवत असे. निगेटिव्ह आणि वही शेजारी ठेवली की नापास झालेला पेपर तपासून परत मिळाल्यासारखं वाटायचं.

तुम्ही म्हणाल, आता कोण रोल धुतंय? बरोबर आहे. पण डिजिटल कॅमेऱ्यातही ती वाटणी आहेच. फोन एका खटक्यात अनेक फोटो घेतो, ते एकावर एक बसवतो, सावल्या उजळतो, आभाळ निळं करतो. 'उरलेलं आम्ही करतो,' 1888चंच वाक्य, फक्त कारखाना आता फोनच्या आत आहे. मी फोनला नावं ठेवत नाही. नातीचे निम्मे फोटो मी फोननंच काढतो. पण ज्याला शिकायचंय त्यानं रॉ फाइल काढावी. रॉ म्हणजे न धुतलेली फिल्म. ती आधी मवाळ, फिकी, निराशाजनक दिसते. ती संगणकावर आपण उघडायची, आपण उजळायची, आपण काळवंडायची. डार्कटेबल नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. नाव बघा, अंधाऱ्या खोलीतलं टेबल.

एक गोष्ट मात्र इथं उलटी होते, आणि जुन्या माणसांची तिथंच फसगत होते. फिल्मवर सावली सांभाळायची, कारण सावलीत काही उमटलंच नाही तर ते पुन्हा आणता येत नाही. उजेड थोडा जास्त झाला तर फिल्म सोसते. डिजिटलमध्ये उजळ भाग सांभाळायचा. पांढरं एकदा जळालं की तिथं काहीच उरत नाही. सावलीतून मात्र बरंच वर काढता येतं. दिवे घाटात माउलींच्या पालखीचे फोटो काढायला उभं राहा म्हणजे कळेल. पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, मध्ये उन्हानं रापलेले चेहरे. कॅमेऱ्याचं मीटर सगळ्या जगाला राखाडी समजतं. चौकटभर पांढरं दिसलं की ते उजेड कमी करतं, आणि मळकी टोपी व काळवंडलेला चेहरा हातात येतो. सह्याद्रीचा काळा कातळ दाखवला की उलट, त्याला ते राखेसारखं करून टाकतं. म्हणून घाटात मी उजेड थोडा वाढवतो, पण टोपीची घडी दिसते आहे तोवरच. घडी नाहीशी झाली की एक पाऊल मागं.

आता ज्यासाठी फोन येतात, ते. कुठला घेऊ? पैसे बेताचे असतील तर आठ-दहा वर्षं जुना डीएसएलआर, म्हणजे भिंग बदलता येणारा डिजिटल कॅमेरा, सेकंडहँड घ्या आणि एकच भिंग, झूम नसलेलं. सेन्सर म्हणजे फिल्मच्या जागी उजेड पकडणारा तुकडा. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला 35 मिलिमीटर, पूर्ण आकाराच्याला 50. घेताना शटर किती वेळा पडलंय ते विचारा. मोटारीचं मीटर बघतो तसं. भिंगातून मोबाइलची बॅटरी तिरकी मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त मिळत असला तरी घेऊ नका. घरी आणल्यावर चामड्याच्या पिशवीत ठेवू नका. चामडं ओल धरतं. झाकण घट्ट बसणारा डबा, आत सिलिका जेल. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की जुन्या तव्यावर भाजून पुन्हा निळे करायचे. पोळ्यांचा तवा नको.

आणि हातात धरून बघा. ज्या कॅमेऱ्याचं छिद्र आणि वेग मेनूत न शिरता, बोटानं, न बघता बदलता येतात, तो शिकवणारा कॅमेरा. किती मेगापिक्सल, हे मला विचारू नका. मी अजून तुळशीवृंदावनाच्या अंतरातच अडकलोय.

मामाचा क्लिक थ्री अजून आहे. 120चा रोल अजून मिळतो, महाग झालाय एवढंच. गेल्या महिन्यात त्यात रोल भरला. नातीला अंगणात तुळशीपाशी उभं केलं आणि पावलं मोजत मागं आलो, चांगली दहा फूट. ती म्हणाली, "आजोबा, एवढ्या लांबून मी दिसेन का?" म्हटलं, बघू. तिनं लगेच कॅमेऱ्याच्या पाठीवर स्क्रीन शोधला. तिथं लाल काच, आणि काचेत बाराचा आकडा.

रोल अजून धुतलेला नाही. माठ सकाळीच भरून ठेवलाय, बाटल्यांवर नावं आहेत. आज रात्री जेवणं झाली की गोधडी लावतो.

नमस्कार.